अजून एक पीळ

सरस गोठला होता. डबा उलटा केला तरी आतली राळ काठाला लोंबून राहिली, खाली येईना. बाहेर कोरडा वारा सुटला होता. दोरीवरची फडकी वाळायच्या आधीच कडक होऊन पत्र्यासारखी वाजत होती. सुनेने शेगडी पेटवली, पातेलं चढवलं, पाणी कोमट झाल्यावर दोन्ही डबे त्यात बसवले. एकात राळ, दुसऱ्यात ती कडक करणारं औषध. दोन्ही नीट कालवलं की हा सरस लाकडाला असा धरतो की उद्या लाकूड फाटेल, पण जोड सुटायचा नाही. फक्त थंडीत तो रुसतो. म्हणून हिवाळा लागला की तिची सकाळ सरसाच्या मिनतवाऱ्या करण्यात जायची. स्वयंपाकघरापासून मागच्या शेडपर्यंत नेताना पुन्हा गारठू नयेत म्हणून ती डबे शालीखाली, पोटाशी धरून न्यायची.

समोरच्या खिडकीत शिवणवाली बसलेली असायची. गल्लीभरचे पडदे आणि उशांचे अभ्रे तिच्याकडे यायचे, आणि या घरातल्या विमानाच्या पंखांचं कापडही तीच शिवून द्यायची. तिची जीभ तिच्या सुईपेक्षा बारीक होती.

"कितवा महिना गं?" ती खिडकीतून ओरडली.

"नववा," सून म्हणाली. "आज मोकळी होते."

"हो बाई. पण या खेपेला नीट सांभाळ. मागचं बाळ कोबीच्या शेतात पडलं होतं."

सून हसली. हसल्याशिवाय या गल्लीत राहता येत नसे. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, शालीखालच्या डब्यांखेरीज पोटाशी काही आलं नव्हतं. आणि कोबीच्या शेतात पडला होता तो तिचा नवरा. दोन्ही जखमा एका टाक्यात घ्यायच्या म्हणजे शिवणवालीचंच कसब.

शेडमध्ये म्हातारा आधीच कामाला लागलेला. तिचा सासरा. जन्मभर दारं, खिडक्या, कपाटं केलेला सुतार. गल्लीत त्याला कुणी नावाने ओळखत नसे. सगळे म्हणायचे 'शिकंजा'. शिकंजा म्हणजे सुताराचं लोखंडी अवजार: दोन जबड्यांत लाकूड धरायचं आणि दांडी फिरवून आवळायचं. म्हाताऱ्याकडे असे शिकंजे भिंतभर टांगलेले होते, आणि त्याचा स्वभाव त्यांच्यावरूनच बेतलेला होता. त्याने बंद केलेला नळ दुसऱ्या कुणाच्या बापाला उघडत नसे. बरणीचं झाकण त्याने लावलं की आतला माल बाहेर काढायला बरणी फोडावी लागायची. पोराच्या लहानपणी तो बुटाच्या नाड्या अशा बांधायचा की पोर शाळेत दिवसभर लंगडायचं. "म्हातारी गेली तेव्हाच काय ती बिचारी जरा सैल झाली असेल," असं कोपऱ्यावरचा बेकरीवाला म्हणायचा, आणि म्हातारा त्यावर खूष व्हायचा. त्याला ती स्तुती वाटायची.

"आणलंस? का तिकडेच उबवत बसणार होतीस?" म्हातारा म्हणाला.

"आणलं, मामंजी."

शेडच्या मधोमध विमानाचं धड उभं होतं, पंख नसलेलं, मागेपुढे दोन खुर्च्यांचं. पंख काढलेली माशी दिसते तसं. नवे पंख बाजूला आडवे होते. डावा झाला होता. उजव्याचा मुख्य दांडा, जो पंखाचं सगळं ओझं धडापर्यंत पोचवतो, तो मुळाशी मजबूत करायचं काम आज संपायचं होतं. लाकडाच्या लांब पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून दांडा करायचा. जुन्या विमानाचा दांडा मनगटाएवढा होता. म्हाताऱ्याने नवा दंडाएवढा केला होता, वरून दोन्हीकडून प्लायवूडचे तक्ते, आणि लोहाराकडून खास लांब दांड्यांचे नवे शिकंजे घडवून आणले होते.

तिने सरस कालवला. ब्रश भरून पट्टीला लावला, थोडा जाडच लावला, कडेपर्यंत. पट्टी बसली. म्हाताऱ्याने शिकंजे चढवले आणि एकेक आवळत गेला. दांडी हाताने फिरेना तेव्हा त्याने तिच्यावर लोखंडी नळी सरकवली, आणि नळीला लोंबकळला.

"अजून एक पीळ," तो स्वतःशीच म्हणाला. प्रत्येक शिकंज्याशी म्हणाला.

पट्ट्यांच्या फटीतून सरस बाहेर आला. आधी मण्यांसारखा, मग ओघळ, मग धार. जमिनीवर थेंब थेंब पडायला लागला. सून फडक्याने पुसत राहिली. फडकं भरलं, दुसरं घेतलं. तिच्या हातात किती येतोय त्यावरून तिला कळत होतं आत किती उरलाय.

"बघतेस काय? पूस," म्हातारा धापा टाकत म्हणाला. "आवळल्याशिवाय काही टिकत नाही. लाकूड नाही, माणूस नाही."

"पुसते."

लग्नाआधी ती खोक्यांच्या कारखान्यात होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पुठ्ठ्यांना सरस लावायचा आणि दाबयंत्राखाली सारायचे. यंत्र किती दाबायचं त्याला एक खूण होती. नवी असताना तिला वाटलं, जास्त दाबलं तर जास्त पक्कं होईल. दुसऱ्या दिवशी तिचा ढीगच्या ढीग हात लावताच उकलला. मुकादम सगळ्या बायकांसमोर म्हणाला होता, "सगळा सरस पिळून काढलास, आता चिकटवणार कशानं? तुझ्या थुंकीनं?" बायका पोट धरून हसल्या. ते हसू तिच्या हातात कायमचं राहिलं. त्यानंतर जोड दाबताना तिचा हात आपोआप एका ठिकाणी थांबायचा.

या घरात ती आली तेव्हा बापलेक पहिलं विमान बांधत होते. तिला ते वेड आवडलं होतं, खोटं कशाला बोला. नकाशे, लाकडाचा वास, दोघांची भांडणं. "रंधा बायकांचा नाही, पटाशी बायकांची नाही," असं म्हाताऱ्याने सांगितलं आणि सरसाचे डबे तिच्या हातात दिले. तेवढं बायकांचं होतं.

पहिलं विमान तीनदा उडालं. नवऱ्याला गल्लीने 'पायलट' नाव दिलं. बेकरीवाल्याने त्याच्याकडून पावाचे पैसे घ्यायचं बंद केलं. चौथ्यांदा वळण घेताना डावा पंख मुळाशी दुमडला, जसं पुस्तक मिटावं तसा. फार उंच नव्हता म्हणून जिवानिशी वाचला. कोबीच्या शेतात पडला, खुबा गेला, एका पायाचं हाड तीन ठिकाणी मोडलं. बेकरीवाला पुन्हा पैसे घ्यायला लागला, नाव मात्र 'पायलट'च राहिलं. आता ते कुबड्यांसकट घ्यावं लागत होतं.

सून त्या दिवशी शेतात धावली होती. नवऱ्याला गाडीत घातल्यावर तिने मोडलेला दांडा पाहिला. जोड उकलला होता. आत लाकूड कोरडं ठाक. रंध्याच्या रेघासुद्धा स्वच्छ दिसत होत्या, जणू कुणी सरस लावलाच नव्हता. ती तो तुकडा घेऊन दवाखान्यात गेली. म्हातारा व्हरांड्यात बसला होता, आजूबाजूला गल्लीतली माणसं.

"मामंजी, यात सरसच उरला नव्हता. सगळा बाहेर पिळला गेला. फार आवळलं गेलं बहुतेक."

म्हाताऱ्याने तुकडा घेतला. बघितला की नाही, देव जाणे. "सरस कच्चा होता," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "कालवायची अक्कल नाही. आणि खोकी चिकटवणारी मला जोड शिकवते!" कुणीतरी हसलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात, आत पोराचं हाड बसवत असताना. संध्याकाळी त्याने तो तुकडा शेगडीत घातला; चांगला जळला.

दुसऱ्या दिवसापासून ती 'खोकेवाली' झाली. नवऱ्याला पाडणारी खोकेवाली. नवरा त्या वेळी काही बोलला नाही. गुंगीत होता, असं ती स्वतःला सांगायची. गुंगी उतरून आता पुष्कळ दिवस झाले होते.

तो रोज शेडच्या दारात खुर्ची टाकून बसायचा आणि दोघांच्या कामावर टिंगल करायचा. दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं, आणि तोंडाचा खुबा शाबूत होता.

"बाबा, नळी घातलीत? छान. आता बैल जोडा."

"तू गप बस."

"आणि तू गं? फडकं पिळून परत डब्यात घाल. बाजाराचा खर्च तेवढाच वाचेल." मग जरा थांबून, "तसंही उपयोग काय म्हणा."

ती पुसत राहिली.

उजव्या पंखाचा शेवटचा जोड त्या दिवशी आवळून झाला. जेवताना म्हातारा खुशीत होता. आता उडवणार तो स्वतः. पोराबरोबर तोही शिकला होता, आणि गुडघे अजून वाकत होते. त्याने घास गिळला आणि सुनेकडे न बघता म्हणाला, "मागच्या खुर्चीत ही बसेल."

पायलटने मान वर केली. "ही?"

"मग कोण? सरस हिचा. बूडही हिचंच असू दे. म्हणजे कालवताना लक्ष होतं का ते कळेल."

पायलट इतका हसला की ठसका लागला. सुनेने त्याच्यापुढे पाणी सरकवलं. तो पाणी पिऊन, डोळे पुसून म्हणाला, "बाबा, वजन वाढेल हो. ही बसली तर नाक वर आणि शेपूट जमिनीवर."

"म्हणून तर पंख मजबूत केले."

तिने ताटातलं बोट थांबवलं. तिला तो कोरडा दांडा दिसला, त्यावर ताणून बसवलेलं कापड, आणि खाली शेत. नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं? गल्ली म्हणाली असती, बघा, हिचाच हिच्या सरसावर भरवसा नाही. हो म्हटलं तर मरण. सांगायचा प्रयत्न तिने एकदा केला होता, आणि त्याचं बक्षीस म्हणून नाव मिळालं होतं. पुन्हा सांगायचं नाही हे तिने तेव्हाच ठरवलं होतं. आता दिसलंच पाहिजे. सगळ्यांना, भर दिवसा, जोड उघडा पडून आतलं लाकूड दिसलं पाहिजे. म्हणजे पहिल्यांदा काय झालं होतं तेही कळेल.

"बसेन की," ती म्हणाली. "पण आधी वजन ठेवून बघू, मामंजी. सगळ्यांसमोर. तुमच्याच नकाशात लिहिलंय ना तसं."

म्हातारा मान मागे टाकून हसला. "सगळ्यांसमोर? जगाला बोलाव!"

पंखाची परीक्षा उलटी असते. उडताना वारा पंखाला खालून वर रेटतो. म्हणून जमिनीवर पंख पालथा बांधायचा आणि वरून ओझं ठेवायचं. शेडबाहेरच्या मोकळ्या जागेत म्हाताऱ्याने जाड वाश्यांची चौकट पुरली, उजव्या पंखाचं मूळ तिला बोल्टांनी जखडलं, आणि पंख छातीएवढ्या उंचीवर आडवा, अधांतरी बाहेर आला. कापड अजून चढवलं नव्हतं. बरगड्या दिसत होत्या. ओझ्यासाठी बेकरीवाल्याने पिठाची पोती आणली. सगळी एका वजनाची, मोजायची कटकट नको.

"एक पोतं फाटलं तर म्हाताऱ्याला भट्टीत घालीन," त्याने जाहीर केलं.

"घाल," पायलट खुर्चीतून म्हणाला. "पण आवळून बांध, नाहीतर आवडणार नाही त्यांना."

गल्ली जमली. शिवणवाली आपलं स्टूल घेऊन आली आणि पुढे बसली. वारा तसाच होता, लोक हात काखेत घालून उभे होते. पोतं कुठे ठेवायचं ते सून दाखवत होती, कारण नकाशातल्या खुणा तिने खडूने बरगड्यांवर काढल्या होत्या. मुळाशी जास्त, टोकाकडे कमी. बेकरीवाला पोतं उचलायचा, ती हात ठेवून दाखवायची, तो अलगद टेकवायचा.

पंख वाकत गेला. टोक हळूहळू खाली आलं. वाकायचाच तो, त्याने कुणी घाबरलं नाही. अर्धी पोती चढली तेव्हा म्हाताऱ्याने सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या, वाकला, आणि पंखाखाली सरकला.

हे त्याचं नेहमीचं होतं. नवं कपाट झालं की तो आत शिरून दार लावून घ्यायचा आणि फळीला कान लावायचा. लाकूड बोलतं, म्हणायचा. आता तो पालथ्या पंखाखाली गुडघ्यांवर बसला, उजवा हात वर करून तळवा दांड्याला टेकवला, कान जोडाशी नेला.

"बाबा, बाहेर या," पायलट म्हणाला. या वेळी टिंगल नव्हती.

"घाबरट! म्हणून पडलास. ठेव रे, अजून ठेव!"

बेकरीवाल्याने ठेवलं. अजून एक ठेवलं. सून मुळाशी उभी होती, जोडावर हात ठेवून. आणि तिच्या तळव्याखाली एक बारीक आवाज झाला. नखाने पुठ्ठा उचकटावा तसा. टक्. कारखान्यात ढीगच्या ढीग उकलला होता त्याची सुरुवात अशीच झाली होती. हा आवाज तिला झोपेतही ओळखू आला असता.

खालून म्हाताऱ्याचा आवाज आला, "काही नाही! लाकूड बसतंय!"

पण तो बाहेर आला नाही आणि त्याने हातही काढला नाही. तिने खाली पाहिलं. म्हाताऱ्याचा चेहरा वर होता, डोळे तिच्यावर. त्यानेही तो आवाज ऐकला होता. लाकूड बसण्याचा आवाज कसा असतो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तो तिच्याकडे बघत होता, आणि ती बोलते का याची वाट बघत होता. बोलली असती तर तो हसला असता.

बेकरीवाल्याच्या खांद्यावर पोतं होतं. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "वहिनी? ठेवू?"

वाऱ्याने एका पोत्याचं तोंड फडफडत होतं.

"ठेवा," ती म्हणाली.

तो टेकवत असतानाच पंख गेला. आवाज मोठा नव्हता, लाकूड मोडताना होतो तसा फाडफाड नव्हता. जोड नुसता उकलला, लांबलचक, मुळापासून, आणि सगळं ओझं एकदम खाली बसलं. दोनतीन पोती फुटली. पांढरा ढग उठला; वारा त्याला घेऊन गर्दीत शिरला. लोक खोकत, शिंकत मागे सरले.

ढग विरला तसा आधी हशा आला. खरोखर आला, नाही कशाला म्हणा. पिठाच्या ढिगातून म्हाताऱ्याचं डोकं वर आलं होतं, भुवया, मिशा, सगळं पांढरं, आणि मध्ये लाल तोंड उघडं. शिवणवाली स्टुलावरून पडता पडता वाचली. "अगं बाई, बाप्तिस्मा झाला की काय म्हाताऱ्याचा!" असं काहीतरी कुणी बोललं. तोंड उघडं होतं पण त्यातून आवाज येत नव्हता, हे कळायला वेळ लागला. मग पीठ एका जागी भिजायला लागलं. उजवा हात दांडा आणि चौकट यांच्यामध्ये होता, आणि तिथे पिठात रक्त मिसळून कणीक होत होती.

बेकरीवाल्याने आणि आणखी चौघांनी पंख उचलला. सुनेने शालीने हात गुंडाळला. म्हाताऱ्याने एकदाच तिच्याकडे पाहिलं, मग त्याचे डोळे वर गेले.

त्याला गाडीत घातल्यावर गर्दी पंखाभोवती जमली. उकललेला दांडा पिठात पडला होता, दोन्ही फाळके उघडे. पायलट कुबड्यांवर पुढे आला. मोठ्या कष्टाने वाकला, तळव्याने पीठ झाडलं. खाली कोरडं लाकूड. रंध्याच्या रेघा. बाहेरच्या कडेला मात्र जमलेल्या सरसाचे मणी, ओळीने, घामाच्या थेंबांसारखे.

तो बराच वेळ बघत राहिला. त्याला समजलं, हे तिने पाहिलं. कोबीचं शेतही समजलं.

"काय रे, सरसच ना?" शिवणवालीने विचारलं.

पायलटने बायकोकडे पाहिलं. मग ज्या रस्त्याने गाडी गेली होती तिकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "सरस."

हाच तो क्षण होता. ज्यासाठी तिने जगाला बोलावलं होतं. तिने फक्त तो फाळका उचलून शिवणवालीच्या नाकासमोर धरायचा होता: हे बघा, कोरडं, मला पहिल्यापासून माहीत होतं. ती वाकली. फाळक्याला हात लावला.

"वहिनी," बेकरीवाला तिच्या बाजूला येऊन हळू म्हणाला. तो पांढराफटक होता, पिठाने आणि भीतीने. "मी विचारलं होतं ना तुम्हाला? तुम्ही ठेवा म्हणालात म्हणून ठेवलं. माझी काही चूक नाही ना हो?"

तिचा हात फाळक्यावरच राहिला. माहीत होतं म्हटलं, तर मग ठेवा का म्हणालीस?

"नाही हो, भाऊ," ती म्हणाली. "तुमची कसली चूक. सरसच कच्चा होता."

शिवणवालीने जीभ टाळ्याला लावून चक् केलं आणि स्टूल उचललं. "आधी नवरा, मग सासरा," ती बरोबर चालणाऱ्या बाईला म्हणाली. "आता घरात मांजर तेवढं राहिलंय."

म्हाताऱ्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. उरलेली दोन एकमेकांकडे बघत राहिली, पकडायला मधे काही नाही अशी. महिनाभर तो खाटेवर होता आणि पट्टी बदलायचं काम सुनेचं. पायलटला रक्त बघवत नसे. कुबड्या वाजवत तो बाहेर जायचा.

एका सकाळी ती पट्टी गुंडाळत असताना म्हातारा छताकडे बघत म्हणाला, "तो आवाज तू ऐकलास."

"कसला आवाज?"

"नाटक नको. लाकूड बसत नव्हतं."

"तुम्हीच म्हणालात, बसतंय."

ती पट्टीचा वेढा देत राहिली.

"सरस चांगला होता तुझा," तो शेवटी म्हणाला. "दोन्ही वेळा."

तिचा हात थांबला. एवढ्या वाक्यासाठी तिने किती हिवाळे शालीखाली डबे वाहिले होते. आणि ते आलं ते असं, औषधाचा वास मारणाऱ्या खोलीत, दोघांव्यतिरिक्त कुणी नसताना.

"गल्लीत सांगा हे," ती म्हणाली.

"तू सांग. जा, खिडकीत उभी राहून ओरड." म्हाताऱ्याचे ओठ वाकडे झाले, हसण्याचाच प्रकार होता तो. "मग मी सांगतो तू माझ्याकडे कशी बघत होतीस. ठेवा म्हणताना."

तिने पट्टीची दोन टोकं घेतली आणि ओढली.

"अगं... हळू! किती आवळतेस!"

"आवळल्याशिवाय टिकतं होय, मामंजी?" ती म्हणाली, आणि गाठ मारली.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पाहिलं. गाठ मात्र सोडली नाही; थोड्या वेळाने, बोटांची टोकं जांभळी व्हायला लागल्यावर, सैल केली.

विमानाचं धड शेडमध्ये तसंच राहिलं. दोन खुर्च्यांपैकी मागच्या खुर्चीत मांजर व्यालं. डावा पंख भिंतीला उभा होता. तोही आतून कोरडा हे घरात तिघांनाही ठाऊक होतं, म्हणून त्याला कुणी हात लावत नसे. सुतारकीची कामं यायची थांबली नाहीत. लोकांची टेबलं लटपटायची, फळ्या निखळायच्या. म्हाताऱ्याला रंधा धरता येत नव्हता आणि पायलटला उभं राहून काम होत नव्हतं, तेव्हा रंधा बायकांचा झाला, पटाशी बायकांची झाली.

थंडी ओसरायच्या आत एका सकाळी शिवणवाली आपलं ते स्टूल घेऊन शेडच्या दारात आली.

"खोकेवाले, याचा पाय निखळतोय गं. त्या दिवशी हसून हसून सैल झाला. सरस नीट लाव हं, माझं बूड आहे."

"बसा. करते."

तिने शालीखालून डबे काढले. पायाच्या खोबणीतला जुना सरस पटाशीने खरवडला, नवा कालवला, लावला, पाय बसवला. भिंतीवरचा एक लहान शिकंजा घेऊन दोन जबडे जुळवले आणि दांडी फिरवली. सरसाचा बारीक मणी कडेला उगवला. दुसरा उगवला. तिचा हात थांबला.

दांडीचा किरकिर आवाज आतल्या खोलीपर्यंत गेला होता. खाटेवरून म्हाताऱ्याचा आवाज आला, खरबरीत, जोरात.

"अजून एक पीळ!"

शिवणवालीने भुवया उडवल्या आणि सुनेकडे पाहिलं.

"दिला, मामंजी!" सून ओरडली. दांडीला तिने हात लावला नव्हता. फडक्याने कडेचे मणी पुसले, स्टूल उलटं करून भिंतीशी ठेवलं, आणि ब्रश वाळायच्या आत कोमट पाण्यात बुडवला.